"व्हायरल आहे" म्हणजे नेमकं काय आहे? वर्ध्याच्या तापाची शंभर वर्षं

पावसाळा लागला की आपल्याकडे दर दोन घरांआड एकजण तापाने पडलेला असतो. दवाखान्यात गेलं की डॉक्टर म्हणतात, "व्हायरल आहे." आपण गोळ्या घेऊन घरी येतो आणि शेजाऱ्याने विचारलं की तेच सांगतो, "काही नाही, व्हायरल आहे." जणू प्रश्न मिटला.

पण मंडळी, व्हायरल हे काही आजाराचं नाव नाही. फ्लू व्हायरल, गोवर व्हायरल, डेंगू व्हायरल, कावीळ बहुतेक वेळा व्हायरल, पोलिओ व्हायरल आणि कोरोनाही व्हायरलच. कोणी श्वासातून येतो, कोणी डासातून, कोणी पिण्याच्या पाण्यातून. दारात आलेला पाहुणा कुठला असं विचारावं आणि उत्तर मिळावं, "बाहेरगावचा आहे", तसं हे उत्तर आहे. कुठल्या वाटेने आला हे कळल्याशिवाय कोणती वाट अडवायची ते ठरत नाही.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास आपण कापूस, रेल्वे, गांधी, विनोबा असा सांगतो. तापाचा इतिहास कोणी सांगत नाही. आज तोच सांगायचा आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

माझ्या आजीच्या बोलण्यात काळ मोजायची एक पक्की खूण होती. कोणाचं लग्न, कोणाचा जन्म, कोणाची जमीन कधी गेली, सगळं "मानमोडीच्या आंधी" नाहीतर "मानमोडीच्या मागून". मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. अंग असं मोडून यायचं की मान वर करवत नसे, म्हणून मानमोडी. जगाने त्याला स्पॅनिश फ्लू म्हटलं. स्पेनमध्ये तो सुरू झाला असं मुळीच नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं, लढणाऱ्या देशांनी आजाराच्या बातम्या दाबल्या, आणि स्पेन तटस्थ असल्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांनी त्या छापल्या. ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्याच नावाने रोग बदनाम झाला. (आपल्याकडेही ज्या गावात पहिला पेशंट सापडतो त्या गावाचं काय होतं, ते २०२० साली पाहिलंच आपण.) मला आजीचा शब्द जास्त बरोबर वाटतो. तो देशाला नावं ठेवत नाही, फक्त काय होतं ते सांगतो.

जून १९१८ मध्ये मुंबईत गोदीवर काम करणारे काही पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. युद्धावरून सैनिकांना घेऊन येणारी जहाजं त्याच गोदीला लागत होती. पहिली लाट फार मारक नव्हती, लोक चार दिवस पडून उठत होते. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती मात्र माणसं घेऊनच गेली. आणि ती मुंबईत थांबली नाही.

इथे आपल्या वर्ध्याचा भूगोल आठवा. आपला जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. वर्धा शहर तर त्याहून नवं, १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसवलेलं. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली ती वर्ध्यावरून. पुढे हिंगणघाटकडे, वरोऱ्याच्या कोळशाकडे जाणारा फाटा इथूनच निघाला. हिंगणघाटचा कापूस साता समुद्रापार प्रसिद्ध. पुलगावला गिरणी, हिंगणघाटला गिरणी. आणि पुलगाव ते आर्वी ही छोटी गाडी, आपली शकुंतला, सुरू झाली १९१७ साली. मानमोडीच्या बरोबर एक वर्ष आधी! कापूस मुंबईला नेण्यासाठी जे जे रूळ आपण टाकले, त्यांच्यावरून उलट्या दिशेने काहीही येऊ शकत होतं.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरला की ताप यायला साधारण एक ते चार दिवस लागतात. खोकला, शिंक, जवळ बसून केलेलं बोलणं, एवढं त्याला पसरायला पुरतं. मुंबई ते वर्धा सुमारे साडेसातशे किलोमीटर. बैलगाडीने एवढं अंतर कापायचं तर आजारी माणूस वाटेतच पडला असता, आणि वाटेतल्या एखाद्या गावाबरोबर साथही तिथेच अडखळली असती. रेल्वेने तो बोरीबंदरला धडधाकट चढत होता, दुसऱ्या दिवशी वर्ध्याला धडधाकट उतरत होता आणि घरी जाऊन, लेकराबाळांत बसून मग तापाने पडत होता. रेल्वेच्या डब्यांतून आणि स्टेशनांवरून साथ देशभर गेली, हे तेव्हाच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं. पण गाड्या बंद करणं शक्य नव्हतं. युद्ध चालू होतं, धान्य आणि कापूस हलला पाहिजे होता.

त्यात १९१८ चा पावसाळा दगा देऊन गेलेला. देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ, धान्य महाग. आपण ज्याला मध्य प्रांत आणि वऱ्हाड म्हणतो तो आपला प्रांत या साथीत देशात सर्वाधिक मार खाल्लेल्या प्रांतांपैकी एक ठरला. दसरा-दिवाळीचे दिवस, म्हणजे कापूस फुटण्याचा, वेचणीला बायाबापड्या रांगेने शेतात जाण्याचा हंगाम. नेमकी तेव्हाच शेतात जाणारी माणसं अंथरुणाला खिळली. आजी सांगायची, "एका घरातून तिघं नेले, मंग न्यायलेच कोणी उरलं नाही."

या तापाची एक विचित्र गोष्ट होती. एरवीचा फ्लू म्हातारे आणि तान्ही लेकरं नेतो. याने वीस ते चाळीस वयाची कमावती माणसं नेली. आणि भारतात पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या. त्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं? स्वतः ताप घेऊन चूल कोण पेटवतं? दुष्काळात सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं कोण जेवतं? अंगात ताकद कमी आणि आजाऱ्याजवळ वावर जास्त. पुस्तकात "जवळचा संपर्क" असा जो रुक्ष शब्द येतो, त्याचा आपल्या घरातला अर्थ बहुतेक वेळा आई असा असतो.

किती माणसं गेली? १९२१ च्या जनगणनेच्या वेळचा अंदाज देशभरात सव्वा कोटीच्या आसपासचा होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींच्या आसपास नेला. आकड्यात पन्नास लाख माणसांचा फरक! भारताची लोकसंख्या एका दशकात वाढण्याऐवजी घटली असं जनगणनेच्या इतिहासात एकदाच झालं, १९११ ते १९२१ या दशकात.

एवढा फरक का पडतो, ते कोतवालाकडे पाहिलं की कळतं. तेव्हा आपल्या प्रांतात गावातल्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल पोलीस ठाण्यात देत असे. त्याला लिहितावाचता येत असेलच असं नाही. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले: पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, इतर. मानमोडीला रकानाच नव्हता. मग बहुतेक मेलेले "ताप" या रकान्यात गेले. आणि साथ शिगेला पोचली तेव्हा कोतवालच आजारी, ठाण्यातला मुन्शीही आजारी. नोंदच थांबली. म्हणजे आपले पणजोबा-पणजी ज्या रोगाने गेले त्याचं नाव सरकारी कागदावर कुठेच नाही, बाईच्या बोलण्यात तेवढं राहिलं.

डॉक्टरांनाही दोष देता येत नाही. त्यांना तेव्हा वाटत होतं की फ्लू एका जिवाणूमुळे होतो. माणसाच्या फ्लूचा विषाणू लंडनमध्ये वेगळा करता आला तो १९३३ साली, म्हणजे मानमोडी होऊन पंधरा वर्षांनी.

या साथीचा एक धागा आपल्या वर्ध्यात येऊन मिळतो आणि तो फार कमी जणांना माहीत आहे. विनोबा १९१८ साली गांधींच्या साबरमती आश्रमात होते. बडोद्याला त्यांचे आई, वडील आणि धाकटा भाऊ तिघेही या तापाने पडले. विनोबा घरी गेले. वडील वाचले, आई रुक्मिणीबाई आणि धाकटा भाऊ गेले. गीता संस्कृतात आहे, मला कळत नाही, मराठीतून हवी, अशी आईची इच्छा होती. १९२१ साली विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला आले आणि १९३०-३१ मध्ये इथेच त्यांनी गीताई लिहिली. गोपुरीच्या गीताई मंदिरात पाहुण्यांना नेता तेव्हा उभ्या शिळांवर कोरलेले अध्याय दाखवता ना? ज्या आईसाठी ते शब्द लिहिले गेले, तिला मानमोडीने नेलं होतं. मला तर १९१८ च्या साथीचं जिल्ह्यातलं स्मारक म्हणून दुसरी जागा दिसत नाही.

आता देवीकडे येऊ.

आपल्या जवळपास प्रत्येक खेड्यात मातामाय आहे. लिंबाखाली शेंदूर लावलेले दगड, आखाडीला नैवेद्य. अंगावर देवी आल्या की घरात माता आली म्हणायचं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा. घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही, घरच्याने लग्नकार्यात जायचं नाही. सुशिक्षित मंडळी याला सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतात. मला यातला निम्मा भाग शहाणपणाचा वाटतो. लिंबाचा डहाळा पाहून माणूस उंबऱ्याबाहेरूनच परत फिरायचा, यालाच पुढे विलगीकरण म्हणू लागले. उरलेला निम्मा भाग मात्र महागात पडला. माता आपणहून आली आहे, आपणहून जाईल, सुई टोचून तिचा कोप ओढवू नका, या समजुतीने लोक टोचायला आलेल्या माणसाला पाहून लेकरं लपवत.

आणि लसीला विरोध फक्त खेड्यातल्या आडाणी माणसाचा होता असं समजू नका. खुद्द गांधीजींचा होता. देवीच्या लसीबद्दल त्यांनी आरोग्यावरच्या आपल्या लिखाणात फार कडक भाषा वापरली आहे. १९३० साली साबरमती आश्रमात देवीची साथ येऊन मुलं दगावली. त्यांना त्याचा मनस्ताप झाला, मत मात्र बदललं नाही. हे लिहिलं की काही जण चिडतात, पण वर्ध्यात राहून गांधींबद्दल फक्त गोड बोलायचं असा काही नियम नाही. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम झालं.

त्याच सेवाग्रामला त्यांच्याजवळ एक तरुण डॉक्टर होत्या, सुशीला नायर. गांधीजींची प्रकृती त्या सांभाळत. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी त्या केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६७ पर्यंत होत्या. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर देवीच्या लसीला नाकं मुरडली, त्याच्याच आश्रमातली डॉक्टर देशभर देवी टोचणाऱ्या खात्याच्या प्रमुखपदी बसली. गुरूवर प्रेम असणं आणि त्याचं प्रत्येक मत मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनीच सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं.

ज्यांच्या दंडावर देवीचा गोल वण आहे त्यांनी एकदा तो पाहून घ्या. पहिली काही वर्षं सगळ्यांनाच टोचायचा प्रयत्न झाला, आणि तरी साथी येत राहिल्या. मग पद्धत बदलली. रुग्ण शोधायचा, त्याला वेगळं ठेवायचं आणि त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांना दोन टोकांच्या सुईने टोचून रोगाची वाट बंद करायची. १९७५ साली देवीचा रुग्ण कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस लावलं होतं, तेव्हाच्या शेतमजुराला कित्येक महिने राबून मिळणार नाही एवढी रक्कम. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ चा. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

देवी हरली कारण ती लपू शकत नव्हती. चेहऱ्यावर फोड दिसायचे, शेंबडं पोरगंही ओळखायचं. ती फक्त माणसाला व्हायची, डासात नाही की जनावरात नाही. नाव कळत होतं, वाट कळत होती. तापाचं तसं नाही. ताप कोणत्याही रोगाचा बुरखा घालून येतो.

१९६५ मध्ये नागपुरात तापाची मोठी साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीच्या, शास्त्रज्ञांनी रक्ताचे नमुने नेले. त्या एका "तापात" चिकनगुन्या निघाला, डेंगू निघाला आणि दोन रुग्णांच्या रक्तात जगाला तोवर अजिबात माहीत नसलेला एक तिसरा विषाणू निघाला. नागपूरच्या ज्या भागातून नमुने घेतले होते त्यावरून त्याचं नाव पडलं चांदीपुरा. वर्ध्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर एक नवा विषाणू सापडला आणि पुढची कितीतरी वर्षं त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. मग २००३ साली आंध्रात १८३ मुलं गेली, त्याच साली विदर्भातही मुलं दगावली, २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा. सकाळी ताप, दुपारी झटके, एका दिवसात लेकरू बेशुद्ध. ही साथ पसरवते वालुमाशी, डासाहून कितीतरी लहान. मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याजवळच्या ओलाव्यात राहते. डासाची साधी जाळी तिला अडवत नाही. भिंतीच्या भेगा लिंपणं आणि फवारणी, हा तिच्यावरचा उपाय. म्हणजे इथेही आधी वाट कळावी लागते.

चिकनगुन्या १९७३ च्या बार्शीच्या साथीनंतर देशातून जणू नाहीसाच झाला होता. बत्तीस वर्षांनी तो परत आला आणि २००६ मध्ये देशात जवळपास चौदा लाख संशयित रुग्ण झाले. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात गावंच्या गावं वाकून चालत होती, ते विसरण्यासारखं नाही. चिकनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ साधारण "वाकवणारा". म्हणजे टांझानियातल्या माणसाने आणि माझ्या आजीने रोगाला नाव देताना एकच रीत वापरली! पण आपल्याकडे नाव ऐकून लोकांनी चिकन सोडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आलेला, त्यामुळे संशय आणखी पक्का झाला. बिचारी कोंबडी दोन्हीकडून मेली, आणि एडीस डास मात्र कूलरमध्ये मजेत अंडी घालत राहिला.

कूलरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण विदर्भात डेंगू-चिकनगुन्याची खरी वाट हीच आहे. पंचेचाळीस अंशांत कूलरशिवाय राहता येत नाही, ते मान्य. हा डास गटाराच्या घाण पाण्यात वाढत नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि तो दिवसा चावतो. कूलर, रांजण, टाकी, टायर, कुंडीखालची ताटली. अंडी पाण्याच्या काठावर, टाकीच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने जिवंत राहतात. जूनमध्ये कूलर बंद करून तसाच कोपऱ्यात ठेवला की पावसाचं पाणी पडताच तीच अंडी फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, आतली बाजू घासावी लागते. नगरपालिकेची धुराची गाडी गल्लीतून गेली की आपल्याला बरं वाटतं, पण तो धूर घासलेल्या कूलरची जागा घेत नाही.

कोरोनावर थोडक्यात लिहितो, कारण तो सगळ्यांनी भोगला आहे. मे २०२० पर्यंत आपल्या जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता. पुढे काय झालं ते प्रत्येक घराला माहीत आहे. मला लक्षात राहिली ती दिशा. १९१८ मध्ये साथ मुंबईहून इकडे आली. २०२१ ची दुसरी लाट मुंबईहून इकडे यायची वाट पाहत बसली नाही. फेब्रुवारीतच अमरावतीत रुग्ण इतके वाढले की तिथे पुन्हा लॉकडाऊन लागला, यवतमाळ आणि वर्धाही मागे नव्हते. गाडी दोन्हीकडे धावते, हे आपण दरवेळी विसरतो. २०२१ च्याच मे महिन्यात वर्ध्याच्या एमआयडीसीत रेमडेसिव्हिर तयार होऊ लागलं, त्याचा आपल्याला अभिमान वाटला. पण सेवाग्रामला दिवसरात्र नमुने तपासणाऱ्यांचं काम मला त्याहून मोठं वाटतं. मानमोडीत जे कोणालाच सांगता आलं नव्हतं, रोगाचं नाव, ते तिथून कळत होतं.

आता मुद्द्याचं बोलतो. कोतवालाचा तो "ताप" रकाना संपला का?

१९६९ पासून जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४अ, डॉक्टरने मृत्यूचं कारण लिहून द्यायचं. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन या प्रमाणपत्राची एक प्रत नातेवाइकांना देणंही आलं. कागदावर सगळं ठीक. पण २०२० साली देशात जेवढ्या मृत्यूंची नोंद झाली, त्यातल्या फक्त २२.५ टक्के मृत्यूंना डॉक्टरने लिहिलेलं कारण होतं. कोरोनाच्या वर्षातला हा आकडा! बाकीची माणसं "अल्पशा आजाराने". ग्रामपंचायतीत मृत्यूचा दाखला आपण काढतो तो वारसाच्या फेरफारासाठी आणि बँकेसाठी. कारण काय लिहिलं, विचारतो का? एखाद्या गावात ऑगस्टमध्ये दोन लेकरं तापाने गेली आणि दोन्हींपुढे नुसतं "ताप" लिहिलं, तर ती वालुमाशी होती, डास होता की विहिरीचं पाणी होतं, हे तालुक्याला कळणार कसं? फवारणी कुठे करायची, पाणी कुठलं तपासायचं?

तेव्हा एक करा. ग्रामपंचायत सदस्य असाल तर येत्या मासिक सभेत एवढंच विचारा की गेल्या वर्षभरात गावात झालेल्या मृत्यूंपैकी किती नोंदींसोबत नमुना ४ किंवा ४अ जोडला आहे. ग्रामसेवकावर ओरडू नका, घरी झालेल्या मृत्यूचं कारण लिहून द्यायला डॉक्टरच मिळत नसेल तर तो तरी काय करणार. आकडा तेवढा मागा. घरी कोणी आजारी असेल आणि डॉक्टर "व्हायरल आहे" म्हणाले, तर नम्रपणे विचारा, "कोणता वाटतो, डॉक्टरसाहेब? तपासणी करायची का?" दरवेळी तपासणी लागतेच असं नाही आणि चांगला डॉक्टर तसं सांगेलही.

आणि ज्यांच्या घरी मानमोडीची काही आठवण आहे, आजीने सांगितलेली, जुन्या वहीत लिहिलेली, त्यांनी गावाचं नाव घालून मला पाठवा. आर्वी, सेलू, देवळी, समुद्रपूर, कारंजा, आष्टी, हिंगणघाट, कुठलीही चालेल. किती माणसं गेली हे ठाण्याच्या कागदावर मिळणार नाही. ज्या घरातून गेली, तिथेच कोणाला तरी ठाऊक असेल.